कॉलेजला सुट्टी, वसतिगृहाला कुलूप : सुट्टीतही राहायचं असेल तर अर्ज कधी, कुठे आणि कसा करायचा?

एप्रिल संपत आला की गावाकडच्या मोबाईलवर पुण्याहून, संभाजीनगरहून, नगरहून एकाच मजकुराचे फोटो यायला लागतात. वसतिगृहाच्या फलकावरची नोटीस असते. परीक्षा संपल्यावर खोली रिकामी करा, चावी ऑफिसात जमा करा. दिवाळीच्या तोंडाला तीच नोटीस पुन्हा एकदा येते. बहुतेक पोरं खुशीत बॅग भरतात. पण काहींना ती वाचून घाम फुटतो. कुणाची कंपनीत ट्रेनिंग लागलेली असते, कुणाचा मागे राहिलेला पेपर जूनमध्ये असतो, आणि कुणाच्या गावाकडच्या घरालाच कुलूप असतं.

आमच्या घरातलंच सांगतो. पुतणी पुण्यात इंजिनिअरिंगला, तिसऱ्या वर्षाला होती. मे महिन्याच्या मध्यापासून तिला एका कंपनीत सहा आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली. आम्ही निवांत. वर्षाची फी भरली म्हणजे वर्षभर खोली आपली, असा आमचा हिशेब. पेपर संपायला चार दिवस असताना नोटीस लागली. वॉर्डन मॅडम म्हणाल्या, सुट्टीत राहायचं तर महिनाभर आधी अर्ज द्यायचा होता, आता यादी वर गेली. मी त्या आठवड्यात कांदा घेऊन मार्केट यार्डाला जाणारच होतो. येताना त्याच पिकअपमध्ये तिची गादी, बादली, पुस्तकांची खोकी टाकून आणली. पोरगी सहा आठवडे मैत्रिणीच्या मावशीकडं हडपसरला राहिली. भावानं नंतर प्रवेशाच्या वेळी सही केलेला कागद काढून बघितला. त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं, "प्रवेश शैक्षणिक वर्षापुरता, सुट्टीचा कालावधी वगळून." सही आपलीच होती, वाचलं कुणीच नव्हतं.

म्हणून ही माहिती एकदा सविस्तर देतोय. आपल्या भागातल्या ज्यांची मुलं बाहेर शिकतात त्यांनी सेव्ह करून ठेवावी.

वसतिगृहाचं वर्ष दहा महिन्यांचं

हे आधी डोक्यात पक्कं बसवा. वसतिगृहात मिळते ती भाड्याची खोली नसते. तिथला प्रवेश एका शैक्षणिक वर्षापुरता असतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा गुणवत्ता यादी. मधला उन्हाळा कुणाच्याच नावावर नसतो. सरकारी मदतीचा हिशेबही बऱ्याचदा असाच. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. तिचा सुरुवातीचा दर मोठ्या शहरांत महिन्याला 3,000 आणि इतर ठिकाणी 2,000 रुपये, तोही 10 महिन्यांसाठी असा होता. पुढे रकमा बदलल्या. पण वर्ष म्हणजे दहा महिने ही सवय सगळ्या ऑफिसांत खोल रुजलेली आहे. उरलेल्या दोन महिन्यांचं ज्याचं त्यानं बघायचं.

सुट्ट्याही तीन प्रकारच्या असतात. दिवाळीची, पहिलं सेमिस्टर आणि दुसरं यांच्यामधली, आणि उन्हाळ्याची. सेमिस्टरच्या मधल्या सुट्टीत खोली शक्यतो रिकामी करायला लावत नाहीत, फक्त मेस बंद होते. दिवाळीत काही ठिकाणी सामान खोलीत ठेवून कुलूप लावून जाता येतं, काही ठिकाणी अख्खी इमारतच बंद होते. उन्हाळ्यात मात्र खोली सोडायचीच, कारण त्या काळात रंगरंगोटी, दुरुस्ती, बाहेरून आलेल्या परीक्षार्थींची सोय अशी कामं काढलेली असतात.

कोणतं वसतिगृह, कुणाला भेटायचं

कॉलेजच्या स्वतःच्या वसतिगृहात निर्णय वॉर्डन किंवा रेक्टरकडून प्राचार्यांकडे जातो. इथं पोरांच्या विभागप्रमुखाचं पत्र सगळ्यात जास्त चालतं. प्रोजेक्ट आहे, ट्रेनिंग आहे असं विभागप्रमुखानं लिहून दिलं की प्राचार्य सहसा अडवत नाहीत.

विद्यापीठाच्या वसतिगृहात सुट्टीचा वेगळा अर्ज भरून घेतात आणि राहिलेल्या सगळ्यांना एकाच इमारतीत आणतात, म्हणजे पाणी-लाईट-पहारा एकाच जागी पुरतो. खोली बदलेल, पार्टनर बदलेल, त्यासाठी कुरकुर करू नका. पीएच.डी.ची मुलं बाराही महिने राहतात, त्यामुळे विद्यापीठात अगदी सामसूम सहसा होत नाही.

समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहात गृहपालाला भेटायचं. गृहपालाच्या हातात थोडंच असतं, अर्ज सहायक आयुक्तांच्या ऑफिसला जातो, म्हणून वेळ जास्त लागतो. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहाचा कागद प्रकल्प कार्यालयाकडे जातो. तिथं जेवणाचे पैसे मुलांच्या खात्यावर थेट येतात. 2018 मध्ये ही पद्धत आली तेव्हा मुलांनी तिच्याविरोधात पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला होता, अनेकांना आठवत असेल. सुट्टीत राहिलो तर त्या दिवसांचे जेवणाचे पैसे येणार का, हे तोंडी नको, लेखी विचारून घ्या.

चौथा प्रकार संस्थांच्या आणि समाजांच्या बोर्डिंगांचा. शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढं एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं. पुण्यात 1955 पासून विद्यार्थी सहाय्यक समिती खेड्यातल्या मुलांची सोय करते. अशा ठिकाणी नियम असतात, कडकही असतात, पण माणसाशी बोलता येतं. काम करून राहण्याची तयारी दाखवली तर काही संस्था सुट्टीतही ठेवून घेतात. विचारायला लाजू नका.

कोणतं कारण चालतं

परीक्षा किंवा बॅकलॉगचा पेपर हे सगळ्यात भक्कम कारण, हॉलतिकीट जोडलं की झालं. त्यानंतर इंटर्नशिप. नव्या शैक्षणिक धोरणात एम.ए., एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला 4 श्रेयांकांचं कार्यस्थळ प्रशिक्षण आलेलं आहे आणि ते बऱ्याच ठिकाणी उन्हाळ्यातच करायला लावतात. म्हणजे अभ्यासक्रमच सांगतो की सुट्टीत शहरात थांब, आणि वसतिगृह म्हणतं खोली सोड. हा मुद्दा अर्जात असाच लिहा, "सदर प्रशिक्षण अभ्यासक्रमाचा भाग आहे" हे वाक्य विसरू नका. एनसीसी, एनएसएसचं शिबिर, खेळाची निवड चाचणी, प्रयोगशाळेतला प्रोजेक्ट ही कारणंही चालतात.

एमपीएससीचा अभ्यास, पोलीस भरतीची तयारी, पार्टटाईम नोकरी या कारणांवर परवानगी मिळणं अवघड. मिळाली तर नशीब समजा, पण त्या भरवशावर राहू नका.

आता सगळ्यात नाजूक कारण, ज्याच्यासाठी कुठल्याच फॉर्मवर रकाना नसतो. घरी कुणीच नाही.

दिवाळीला घर बंद असतं त्यांचं

आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, पाथर्डी या पट्ट्यातल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. दसरा झाला की मुकादमाच्या गाड्या लागतात. उचल घेतलेली असते, कोयता जातो सांगली-कोल्हापूरला, सोलापूरला, नाहीतर थेट कर्नाटकात. परत येणं मार्च-एप्रिलात. आणि कॉलेजची दिवाळीची सुट्टी नेमकी या गाड्या गेल्यावर पडते.

मग त्या पोरानं जायचं कुठं? म्हातारी आजी गावात असेल तर तिच्याकडं. नसेल तर फडावर. मी अशी दोन-तीन मुलं ओळखतो. कॉलेजला बी.कॉम., बी.एस्सी. करतात, दिवाळीला आई-बापाच्या कोपीत जाऊन राहतात आणि रिकामं बसवत नाही म्हणून पहाटे मोळ्या वाहतात. एकजण म्हणाला, "काका, सुट्टी संपायची वाट बघतो मी." त्याच्या सेमिस्टरची परीक्षा सुट्टीनंतर पंधरा दिवसांवर होती. पुस्तकं नेली होती, पण कोपीत लाईट नव्हती.

शाळकरी लेकरांसाठी आपल्याकडं जिल्हा परिषद शाळांतून हंगामी वसतिगृहं चालतात. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावानं 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं काढायचं सरकारनं 2021 मध्ये ठरवलं. चांगली गोष्ट आहे. पण शहरात दुसऱ्याच वसतिगृहात राहून सिनियर कॉलेज करणाऱ्या पोराचा दिवाळीतल्या तीन आठवड्यांचा प्रश्न त्यानं सुटत नाही.

यावर उपाय असा आहे. ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगारांना ओळखपत्र मिळतं. ज्यांनी काढलं नसेल त्यांनी गाडी लागायच्या आधी काढून घ्या आणि त्याची झेरॉक्स पोराजवळ ठेवा. सरपंच किंवा ग्रामसेवकाचा एक साधा दाखला घ्या की पालक अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत कामासाठी बाहेरगावी असतात. हे दोन कागद जोडून अर्ज दिला तर "घरी कुणी नाही" हे तोंडी कारण राहत नाही, पुराव्याचं होतं. नियमात बसत नाही म्हणून अर्ज परत आला तरी पुढं वरच्या ऑफिसला जाता येतं. तोंडी विचारून तोंडी नकार मिळाला तर हातात काहीच राहत नाही.

आई-वडील नसलेली मुलं, घरात भांडण-मारहाण असलेल्या मुली, घरी गेल्यावर लग्नच लावून देतील अशी भीती असलेली मुलगी, यांचीही गोष्ट हीच. सगळं कारण सगळ्यांसमोर लिहायची गरज नाही. महिला प्राध्यापक किंवा वॉर्डनशी एकटीनं बोलून "कौटुंबिक कारण" एवढं लिहिलं तरी चालतं.

अर्ज असा लिहा

वेळ महत्त्वाची. उन्हाळ्यासाठी मार्चअखेर आणि दिवाळीसाठी दसऱ्याच्या आधी अर्ज गेला पाहिजे. दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. पोच म्हणजे शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या मेसेजला पोच म्हणत नाहीत. मजकूर साधा ठेवा :

"प्रति, मा. गृहपाल/वॉर्डन. विषय : उन्हाळी सुट्टीत वसतिगृहात राहण्याची परवानगी मिळणेबाबत. महोदय, मी आपल्या वसतिगृहात खोली क्र. … मध्ये राहत असून … या वर्गात शिकत आहे. दि. … ते दि. … या कालावधीत माझे … येथे प्रशिक्षण असून ते अभ्यासक्रमाचा भाग आहे. माझे गाव येथून … कि.मी. असल्याने रोज ये-जा शक्य नाही. वरील कालावधीत वसतिगृहात राहण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. नियमाप्रमाणे शुल्क भरण्यास व आवश्यक असल्यास दुसऱ्या खोलीत राहण्यास मी तयार आहे. सोबत : विभागप्रमुखांचे पत्र, कंपनीचे पत्र, पालकांचे संमतीपत्र."

तारखा नेमक्या लिहा. "सुट्टीभर" असं लिहिलं की नकार द्यायला सोपं जातं. पालकांच्या संमतीपत्रावर तुमचा चालू असलेला मोबाईल नंबर टाका, कारण वॉर्डन फोन करून खात्री करतात. फडावर रेंज नसेल तर मामाचा, चुलत्याचा नंबर द्या आणि त्याला आधी कल्पना द्या. माझ्या माहितीतल्या एका मुलाचा अर्ज केवळ बापाचा फोन लागला नाही म्हणून दहा दिवस पडून होता.

पैसे आणि पोट

सुट्टीतल्या राहण्याचे वेगळे पैसे घेतात, कुठं दिवसावर, कुठं महिन्यावर. जे काही असेल त्याची पावती घ्या. पावती नसलेला पैसा देऊ नका, मग समोर कुणीही असो. डिपॉझिट हा वेगळा विषय. कोर्स संपला असेल तर ना-देय दाखला घेऊन डिपॉझिट परत मागा. आपली पोरं "जाऊ दे, नंतर बघू" म्हणून येतात आणि ते पैसे राहूनच जातात.

मेस बंद असते हे आधीच धरून चला. खोलीत हिटर, शेगडी लावायला मनाई असते आणि सापडलं तर दंड तर होतोच, वर पुढच्या वर्षीचा प्रवेशही अडकतो. चार-पाच जण मिळून डबा लावा, परवडतो. घरून शेंगदाण्याची चटणी, दशम्या दिल्या तर पहिला आठवडा निघतो. हे मी अनुभवानं सांगतोय.

मुलगी थांबणार असेल तर

6 जून 2023 ला मुंबईत चर्नी रोड भागातल्या शासकीय मुलींच्या वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा मृतदेह तिच्या खोलीत सापडला. खोली चौथ्या मजल्यावर होती. सुट्टीमुळे बऱ्याच मुली गावी गेलेल्या होत्या. संशय वसतिगृहाच्याच पहारेकऱ्यावर होता आणि त्याचाही मृतदेह रेल्वे रुळावर मिळाला. कुणाला घाबरवायला हे लिहीत नाही. पण भरलेलं वसतिगृह आणि रिकामं वसतिगृह यात फरक असतो, आणि परवानगी मिळाली म्हणजे काम झालं असं नाही.

परवानगी मिळाली की हे विचारा. तुझ्या मजल्यावर अजून किती मुली आहेत? रात्री वॉर्डन तिथंच राहतात की घरी जातात? महिला सुरक्षारक्षक आहे का? मजल्यावर मुलगी एकटीच असेल तर खोली बदलून चार मुली असतील तिथं द्या, असा अर्ज करा, आणि बापानं स्वतः फोन करून सांगा. कुणाची नजर, कुणाचं वागणं खटकत असेल तर ते पहिल्याच दिवशी लेखी द्यायचं, मुलीनं ते मनात ठेवायचं नाही. पोलिसांचा 112 आणि महिला हेल्पलाईनचा 181 हे नंबर पाठ असावेत. रॅगिंगचा त्रास असेल तर 1800-180-5522 चोवीस तास चालू असतो. एवढं करूनही मन मानत नसेल तर पोरीला घरी आणा. महिलांना मार्च 2023 पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, येणं-जाणं पूर्वीएवढं महाग राहिलेलं नाही.

सामान आणि कागद

मी तालुक्याच्या गावी बोर्डिंगात राहून बारावी केली. उन्हाळ्यात सगळ्यांच्या पेट्या एका खोलीत ठेवायचे. जूनमध्ये जाऊन बघतो तर उंदरांनी माझी केमिस्ट्रीची जर्नल आणि आईनं दिलेली वाकळ दोन्ही कुरतडलेलं. हसण्यावारी गेलं, पण जर्नल पुन्हा लिहावी लागली. आजही बऱ्याच ठिकाणी सामान असंच एका खोलीत किंवा पोर्चमध्ये रचून ठेवतात आणि पहिल्या पावसात खालची खोकी भिजतात. पेटीवर नाव, खोली नंबर आणि मोबाईल नंबर रंगानं लिहा, आतल्या सामानाचा फोटो काढून ठेवा.

मूळ कागद मात्र कधीही वसतिगृहात ठेवू नका. गुणपत्रकं, टीसी, जात प्रमाणपत्र, जात वैधता, सगळं बरोबर आणायचं. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे वसतिगृहं घाईघाईत रिकामी झाली, मुलं दोन-चार कपडे घेऊन आली आणि पुढं कितीतरी इमारती क्वारंटाईन सेंटर झाल्या. ज्यांचे कागद आत अडकले त्यांनी काय हाल काढले ते त्यांनाच विचारा. शिवाय सुट्टीत गावी येणाऱ्याला कागद हाताशी लागतातच. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर यांची मुदत 31 मार्चला संपते. पुढच्या वर्षीच्या वसतिगृह प्रवेशाला नवे दाखले लागतात, तेव्हा एप्रिल-मेमध्येच सेतूत अर्ज टाका. जूनमध्ये तिथं पाय ठेवायला जागा नसते.

परवानगी नाहीच मिळाली तर

कॉट बेसिसवर महिना-दोन महिने राहता येतं, पण मालक डिपॉझिट मागतो आणि खोली घ्यायची तर 11 महिन्यांचा करार पुढे करतो. दोन महिन्यांसाठी त्यावर सही करू नका. ज्यांना शासकीय वसतिगृहात जागाच मिळाली नाही त्यांच्यासाठी स्वाधार (अनुसूचित जाती), स्वयम् (अनुसूचित जमाती) आणि आधार (ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास) या योजना आहेत. स्वाधारमध्ये मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला 60,000, इतर महापालिकांच्या शहरांत 51,000 आणि जिल्ह्याच्या ठिकाणी 43,000 रुपये ठरवलेले आहेत. त्यातले राहण्याचे 60,000 पैकी 20,000. पुण्यात बाराही महिन्यांचं भाडं एवढ्यात बसणं कठीण, हे खरं. पण भाड्याच्या खोलीला सुट्टीत कुलूप लागत नाही, एवढा एक फायदा आहे. ज्याला दर उन्हाळ्यात शहरात थांबावंच लागणार आहे त्यानं पहिल्या वर्षीच हा हिशेब घालून मग वसतिगृह की योजना ते ठरवावं, कारण दोन्ही एकदम मिळत नाही.

पुतणीनं चौथ्या वर्षी अर्ज मार्चच्या पहिल्याच आठवड्यात दिला, पोच घेतली आणि त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. मे महिन्यात परवानगी आली. खोली बदलली, तळमजल्यावरची मिळाली, आठ मुली एका रांगेत होत्या. यंदा पिकअप नुसती कांद्याचीच गेली.